गाळून, उकळून आणलेलं पाणी

आपल्या बॅचच्या मंडळींनो, कॉलेज सुटल्यावर थेट सायबर कॅफेत आलेय. हे आजच सांगायचंय.

गटाराच्या, डबक्याच्या पाण्यात जंतूंना खाणारे विषाणू असतात. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवर ते चालतात का, हे मी विश्रामबागच्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासतेय. त्यासाठी गावोगावच्या लोकांकडून घाण पाणी मागवते.

आज जतहून बाळाबाई आल्या. मेंढरं राखतात. त्यांच्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, पायाची जखम तीन औषधं बदलूनही भरत नाही. दोन एसट्या बदलून त्यांनी बाटली आणली होती. आतलं पाणी नितळ होतं.

"कुठलं हो हे?"

"मेंढरं पाणी पितात त्या डबक्याचं. पर गाळून, उकळून आणलंय. तुमास्नी घाण पाणी कसं द्याचं?"

उकळलं की हे विषाणू मरतात. बाईनं जळण घालून माझा मान राखला होता. चूक माझीच, मी नीट सांगितलंच नव्हतं.

मग सगळं सांगितलं. यातून औषध निघेलच असं नाही, आणि निघालं तरी मालकांच्या पायाला वेळेत मिळणार नाही, हेही.

त्यांनी बाटली रिकामी करून मागून घेतली.

"दुसऱ्या कुणाच्या पायाला मिळंल की. सोमवारी आणते."

त्याआधी, रविवारी मीच जतला निघालेय. तुमच्या घरामागच्या गटाराचं पाणी कधी पाठवताय? बाटली भरल्यावर हात साबणानं धुवा. आणि कृपा करून माझा मान राखू नका.