मॅनेजर आमच्या वन्संच्या वर्गात बसले त्याची गोष्ट

धुतलेल्या चादरीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं वन्संच्या. अर्धी घडी झाली आणि वन्संनी टोक सोडलं. "अगं, मी कारखान्यात जाऊन येते," म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्यासुद्धा.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. प्रशिक्षण केंद्रात मुलींना मशीनवरचं शिवण शिकवतात. उशीच्या अभ्र्याचा टाका वाकडा गेला तर घरातही उसवायला लावतात, पाहुण्यांनासुद्धा. यंदा केंद्राने बजावलं होतं, कारखान्याने एकही मुलगी कामाला घेतली नाही तर शिवणवर्गाला कुलूप. मी देवापुढे रोज एकच मागणं मागत होते.

तसे केंद्राचे आणि त्या कपड्यांच्या कारखान्याचे संबंध जुने. कारखाना मोडकी मशीनं 'सरावाला' पाठवायचा, मुली ती दुरुस्त करायच्या. चालू झाली की टेम्पो येऊन ती उचलायचा आणि दुसरी मोडकी टाकून जायचा.

वन्सं कारखान्यात पोचल्या तशी तिथले मॅनेजर म्हणाले, "बाई, आपलं नातं कायमचं!"

"मग मुलींना कामावर घ्या की."

"घेतल्या तर मशीनं कोण दुरुस्त करणार?"

"अहो, त्याच करतील. तुमच्याकडे बसून."

"पण मग आपल्यात नातं काय राहिलं?"

वन्संनी कपाळाला हात लावला. "मशीनं मोडतं कोण?"

"आमचे कारागीर. मीही कधीमधी."

"मग मशीनं कशाला पाठवता? मोडणारेच पाठवा!"

आणि त्यांनी खरंच पाठवले! ठरलं असं, की कारागीर पास होईपर्यंत त्यांच्या जागी मुलींनी काम करायचं. पगार दोघांनाही. कारागिरांना वर्ग भलताच मानवला. डोक्यावर पंखा, दुपारची सुट्टी, आणि "उरका, उरका" म्हणून मागे लागणारं कोणी नाही. लागणार कोण? मॅनेजर पहिल्याच बाकावर, सुईत दोरा ओवत बसलेले.

परीक्षा झाली. झाडून सगळे नापास.

"पास झालो तर परत जावं लागेल ना," एक कारागीर हळूच म्हणाला.

मॅनेजर मात्र रडवेले झाले. "बाई, तिकडे मुली कारखाना झकास चालवताहेत. एक मशीन मोडत नाही. मला कोणी विचारतसुद्धा नाही. मी त्यांना कायम करतो, पण मला पास करा!"

वन्संनी त्यांची शिवण उजेडात धरली. वाट चुकलेल्या मुंगीसारखा टाका. "मुलींना कायम करा. तुम्ही मात्र नापास."

केलं बिचाऱ्यांनी. मुली कायम झाल्या, वर्गाचं कुलूप टळलं. देव ऐकतो हे मला ठाऊक होतं, पण असं ऐकेल असं वाटलं नव्हतं.

मॅनेजर फेरपरीक्षेच्या तयारीला लागलेत. वर्गातल्या सगळ्या सुया त्यांनी मोडल्या, म्हणून वन्सं आत्ता बाजारात सुया आणायला गेल्या आहेत.