बिनकानाचा कप

माणिकबाईच्या तोंडाला अकोल्यातली निम्मी कॉलनी घाबरते आणि उरलेली निम्मी तिच्याकडून भाजीच घेत नाही. पातूर रस्त्यावर तिचा मळा. रोज सकाळी दोन टोपल्या ऑटोत टाकून ती शहरात येते आणि अकरा वाजायच्या आत कोणाशी तरी भांडून, टोपल्या रिकाम्या करून परत जाते. माळ्याच्या घरी जन्मली, माळ्याच्याच घरी दिली. वय पंचावन्न. नवरा भगवंत स्वभावाने इतका गरीब, की तो घरात आहे की नाही हे कळायला हाक मारावी लागते. दोघांच्या वाटचं ती एकटीच बोलते, आणि मनापासून बोलते.

त्याच कॉलनीत रूपालीताईंचा बंगला आहे. बाई मोठ्या मनाची. गरजू मुलींना सायकली वाटते, महिला दिनाला भाषण देते, मोबाईलच्या स्टेटसवर रोज सकाळी माणुसकी टाकते. आणि तिच्या कंपाउंडच्या भिंतीवर एक स्टीलचा ग्लास उलटा घातलेला असतो. माणिकबाईला पाणी त्यात, कचरेवाल्याला पाणी त्यात. कुरिअरवाल्याला मात्र आतून काचेचा ग्लास येतो, कारण तो बूट घालून येतो.

अठरा वर्षं माणिकबाई त्या ग्लासातून पाणी प्याली. कळत नव्हतं असं नाही. पण ऊन असायचं, घशाला कोरड असायची, पुढे चार घरं घ्यायची असायची. यंदा दसऱ्याच्या दोन दिवस आधी तिनं तो ग्लास सुलटा केला तर आतून मुंगळ्यांची रांग निघाली. झालं. अठरा वर्षांचं एकदम डोक्यात गेलं.

"ताई," ती म्हणाली, "तुमी ज्या गिलासात पेता ना, त्यातलं पानी आना."

"अहो मावशी, गैरसमज करून घेऊ नका," रूपालीताईंचा चेहरा उतरला. "तसं काही नाही हो. हायजीनसाठी असतं ते."

"मंग माह्या हातची वांगी कशी चालतात तुमच्या हायजीनले? ते तं मी तोडते, मीच पुसते, आन् रस्त्यानं शंभर ठिकानी हात लावते."

रूपालीताई आत गेल्या आणि लिंबाचं चित्र असलेला काचेचा ग्लास घेऊन आल्या. माणिकबाईनं तो रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं आणि तहान नसताना आणखी एक मागितला.

आता एवढा पराक्रम सांगायचा कोणाला? भगवंत "बरं" म्हणाला आणि विहिरीकडे गेला. सासू गोदाबाई, ऐंशीची, सोयीनुसार बहिरी. तिनं ऐकलंच नाही. राहता राहिल्या झेंडू तोडायला येणाऱ्या बाया.

झेंडूचं असं आहे, की बाकीची भाजी वर्षभर पोट चालवते, पण झेंडू एकाच दिवसासाठी असतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी बाराला टेम्पो येतो. तोवर दोन एकरातलं फूल तोडून क्रेटमध्ये भरलं पाहिजे. त्या दिवशी सुटलं ते सुटलं. दसरा झाल्यावर ढोरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. तोडायला बौद्धपुऱ्यातल्या अकरा बाया यायच्या आणि त्यांच्यातलीच एक, पंचफुला, त्यांची मुकादम. माणिकबाईपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी, अंगानं काटक, बोलणं कमी. ती हो म्हणाली तर अकराही जणी येणार, ती उठली तर अकराही जणी उठणार.

दुसऱ्या दिवशी माणिकबाई शहरात गेलीच नाही. नऊला चहाची सुट्टी झाली. गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा आहे, त्यात मजुरांचे कप. ते कोणी मुद्दाम विकत आणलेले नव्हते. घरातल्या कपाचा कान तुटला की त्याची गोठ्यात बदली व्हायची. बाया ते स्वतः काढायच्या, स्वतः धुवायच्या, परत कोनाड्यात ठेवायच्या. असं करा म्हणून माणिकबाईनं कधी सांगितलं नाही. सांगावं लागलंच नाही. तिच्या सासूच्या काळापासून ते तसंच होतं आणि तिला त्यात काही दिसत नव्हतं. उलट तिला या बायांचं कौतुक होतं. अकराही जणी पदर पुढे घेऊन, पदरात कप धरून चहा प्यायच्या. काय पण मर्यादेच्या बाया, असं ती पाहुण्यारावळ्यांना सांगायची.

तर त्या सकाळी ती बांधावर उभी राहिली आणि सगळा प्रसंग नकलेसकट सांगितला. रूपालीताईंचा उतरलेला चेहरा करून दाखवला, मुंगळे चालवून दाखवले. 'हायजीन' शब्द नाकातून काढला. बाया हसून हसून वाकल्या. पंचफुला तेवढी हसली नाही. तिनं हातातला कप बांधावर ठेवला.

"माणिकबाई, लय चांगलं केलं तुमी," ती म्हणाली. "आता आमी बी तेच म्हणतो. तुमी ज्या कपात पेता, त्यातला चहा आना."

माणिकबाईनं तोंड उघडलं. एरवी तोंड उघडलं की पुढचं आपोआप यायचं. या वेळी ते ओढून काढावं लागलं.

"अवं, ते वेगळं, हे वेगळं," ती कसंबसं म्हणाली.

"कसं वेगळं?"

"तो बंगला हाये. हे शेत. इथं ढोरं, माती, फुटाफूट..." ती शोधत होती आणि हाताला येईल ते पुढे करत होती. "आन् थोडं स्वच्छतेचं बी पाहावं लागते ना वं, पंचफुले."

बोलली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. बाया हसल्या नाहीत, म्हणून जास्तच ऐकू आलं.

"बरं मंग," पंचफुला म्हणाली. "आमी बसतो इथंच. पाहा तुमी स्वच्छतेचं."

अकरा बाया बांधावर बसल्या. एकीनं तंबाखूची पुडी काढली. अर्ध्याहून जास्त वावर तोडायचं बाकी होतं, ऊन वर चाललं होतं. टेम्पोवाल्याचा फोन आला की पातूरहून निघतो. माणिकबाईला पंचफुलेचा राग आला. गोष्ट सांगायची दुर्बुद्धी झाली म्हणून स्वतःचा आला. आणि सगळ्यात जास्त राग रूपालीताईंचा आला, त्या बाईनं मुकाट्यानं ग्लास बदलला म्हणून. त्यांना एका मिनिटात जमलं ते आपल्याला का जमत नाही, याचा तिला फार अपमान वाटला. ती तरातरा घराकडे निघाली.

मळ्यातच घर. शोकेसमध्ये सोनेरी काठाचे सहा कप, मुलीच्या, रागिणीच्या सोयरिकीच्या वेळी घेतलेले, सोयरे येऊन गेले तरी बाहेर न निघालेले. फळीवर रोजचे पाच. त्यातला एक पोपटाचं चित्र असलेला, खास गोदाबाईचा. त्याला भगवंतसुद्धा हात लावत नसे. सहा आणि पाच अकरा. माणिकबाईनं पोपटही उचलला.

"कोन आलं वं?" खाटेवरून म्हातारीनं विचारलं. या वेळी कान बरोबर चालत होते.

"पाहुने."

"कुठले?"

"बौद्धपुऱ्यातले," माणिकबाई म्हणाली आणि थांबलीच नाही.

पोपट पंचफुलेला गेला. तिनं तो आधी फिरवून पाहिला, मग प्याली. बाकीच्या सोनेरी काठ बघत बसल्या. एकीनं कपाच्या कानात बोट घालून तो उचलला, ते नीट जमेना, तशी शेजारची तिला हसली.

"तुमी बी घ्या ना," पंचफुला म्हणाली.

घरातले अकराही कप बाहेर होते. राहिले होते कोनाड्यातले. बावीस डोळे बघत होते, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. माणिकबाईनं त्यातला एक उचलला, चहा ओतला आणि नेहमीसारखा हातात धरला. बोटं चरचरली. तिनं हात बदलला, दुसराही भाजला. सांडला तर शोभा, म्हणून तिनं पदर ओढला, कपाभोवती गुंडाळला आणि तिथंच थबकली.

तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मर्यादेची बाई झाली होती ती.

"पंचफुलाबाई," ती म्हणाली. इतक्या वर्षांत 'बाई' पहिल्यांदाच तोंडातून निघालं. "एवढा चटका लागते, तं कधी बोलल्या कावून नाई?"

पंचफुलेनं पोपटाचा कप खाली ठेवला. "आमाले वाटलं, तुमाले माहीत असन," ती म्हणाली, आणि फुलं तोडायला उठली.

टेम्पोवाल्याला अर्धा तास थांबावं लागलं. त्यानं चार शब्द ऐकवले आणि माणिकबाईनं एकही परत केला नाही. भगवंतानं घाबरून तिला ताप आहे का पाहिलं.

दिवाळीआधी तिनं अकोल्याहून दोन डझन कप आणले, सगळे एकसारखे, सगळे कानाचे. आठच दिवसांत तिच्या लक्षात आलं, की त्यातल्या बारा कपांच्या बुडाला लाल ठिपका आहे. म्हातारीनं रागिणीची नेलपॉलिश वापरली होती. माणिकबाई भांडली नाही. तिनं ती बाटली शोधली आणि उरलेल्या बाराही कपांना ठिपके दिले.

गोदाबाई अजून रोज सकाळी कप उलटा करून बघते. मग चहा न घेता बसते, आणि दहाच्या सुमारास हळूच मागते.