नरहरपंतांना दिलेले बाड

हे मी कुणालाच सांगितलेले नाही. बायकोला नाही. देवापुढे हात जोडतानाही नाही — तिथे तर मी घाईघाईने दुसरेच काहीतरी मागतो. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणूनच जमेल कदाचित.

मी बुधवार पेठेतला जोशी. पंचांग करतो, ग्रहणे वर्तवतो. वडीलही तेच करीत. आमच्या धंद्यात सगळे अडते ते वेळ मोजण्यावर, आणि वेळ मोजायची घटिकापात्राने — बुडाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी. पाण्यावर सोडली की भरत भरत बुडते. बुडाली की एक घटिका झाली. एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंत साठ वेळा बुडायला हवी. पण भोक झिजते, चिंचेने घासताना मोठे होते. माझी वाटी चौसष्ट वेळा बुडे. मला ठाऊक होते. नोंद मी वाटीप्रमाणेच करी आणि गणिताच्या वेळी जास्तीचे मनातल्या मनात वजा करी. लिहून कुठेच ठेवले नव्हते. कशाला ठेवायचे? बाड माझे, वाटी माझी.

मग नरहरपंत आले. वाईहून, एका सरदारांच्या घरचे जोशी म्हणून. ती जागा — सांगूनच टाकतो — मला मिळायची होती.

चौथ्याच दिवशी ते माझ्या ओसरीवर हजर. काखेत वीस वर्षांच्या नोंदींचे बाड. "उतरवून घ्या," म्हणाले. मी मागितलेसुद्धा नव्हते! आमच्यात असे कोणी करीत नाही; बाप मुलालाही शेवटची खूण मरताना सांगतो. आणि हे गृहस्थ समासात स्वतःच्या चुका लिहून ठेवणारे — 'आज डोळे आले होते, ही नोंद भरवशाची नाही.' महिनाभर बसून मी सगळे उतरवले. उतरवताना हसत होतो.

मग त्यांनी माझे बाड मागितले. पुढे सूर्यग्रहण होते. जुन्या कोष्टकांतली वेळ आणि पुण्यात खरोखर दिसणारी वेळ यांत किती अंतर पडते, ते त्यांना ताडून पाहायचे होते.

मी दिले. सगळे दिले, एक पानही न काढता. पेठेत माझी वाहवा झाली. त्या बाडात खोटे अक्षर एकही नव्हते — हे मी स्वतःला किती वर्षे ऐकवत आलो आहे! निघताना पंत उंबऱ्यात थांबले.

"पात्र नीट आहे ना आपलं?"

"वडिलांच्या हातचं आहे," मी म्हणालो.

त्यांनी कोनाड्यातल्या वाटीला नमस्कार केला. पुढे विचारले नाही.

त्यांच्या स्वतःच्या नोंदींप्रमाणे ग्रहण सूर्योदयानंतर पंधरा घटिकांनी लागत होते, माझ्या नोंदींप्रमाणे सोळा. त्यांनी आपला आकडा खोडून माझा घेतला. हे मला त्यांनीच येऊन सांगितले. "पुण्याचं आकाश पुण्याच्या माणसाला ठाऊक." ग्रहणाला अजून चार दिवस होते. एक वाक्य पुरले असते. मी त्यांना गूळपाणी दिले आणि रस्त्यापर्यंत पोचवून आलो.

ग्रहणाच्या दिवशी पंत मुठेच्या घाटावर आपले पात्र मांडून बसले. पंधराव्यांदा वाटी बुडाली आणि परातीतल्या पाण्यात सूर्याची कड कुरतडलेली दिसली. लोक गडबडले, कुणाचे स्नान राहिले, कुणाचा जप. तेवढ्यात सरदारांच्या घरून माणूस धावत आला — गरोदर सूनबाई अंगणात सुई घेऊन चोळी शिवत बसलेल्या. अजून घटकाभर अवकाश आहे, असे पंतांनीच कळवले होते ना! घाटावर स्नानाला आलेल्या सरदारांनी पंतांकडे पाहिले.

तेव्हा मी बोललो. लांबच्या पायरीवर ऐकू जाईल असे.

"पंत, सूर्याला आपला निरोप पोचला नाही वाटतं!"

सगळा घाट हसला. बोलायची गरज होती का? नव्हती. काम झालेच होते. मला ते हसणे ऐकायचे होते, बस्स.

पंत वळले. रागावले असते तर बरे झाले असते. "सोळा बरोबरच असणार," म्हणाले, "माझंच पात्र मागे पडतंय. किती वर्षं पडत होतं, कुणास ठाऊक."

म्हणजे त्यांच्या लेखी आपल्या वीस वर्षांच्या सगळ्या नोंदी चुकल्या. माझ्या नाहीत. त्यांच्या.

एक दिवस-रात्र मोजले असते तर त्यांचे पात्र साठ वेळाच बुडताना दिसले असते; पण माझ्या शब्दापुढे त्यांना ते मोजावेसेही वाटले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपले बाड नदीत सोडले. "मागे राहिलं तर पुढचा कोणी फसेल," म्हणाले. गुडघाभर पाण्यात उतरून एकेक पान सोडत होते. मी काठावर होतो. 'थांबा' म्हणायला कितीसा वेळ लागतो? त्यांचे उपरणे भिजू नये म्हणून मी ते हातात धरून उभा होतो.

सूनबाई सुखरूप बाळंत झाल्या, मूल धडधाकट. पंतांना मात्र कोणी परत बोलावले नाही. ते वाईला गेले. जागा मला मिळाली. तेव्हापासून माझे एकही ग्रहण चुकलेले नाही — कसे चुकेल? पंतांच्या नोंदींवरून करतो. माझी प्रत होतीच. वर नाव माझे आहे.

पुढे पंत वारल्यावर त्यांच्या बायकोने निरोप धाडला : ह्यांच्या हातचे काही लिखाण आपल्याकडे राहिले आहे का? नाही, असे कळवले. तेही खोटे नव्हते. अक्षर माझे आहे.

वाटी कोनाड्यातच असते. काल सूर्योदयापासून आज सूर्योदयापर्यंत मोजून पाहिली. आता सहासष्ट वेळा बुडते.