नाल्याचं पाणी उतरलं तेव्हा

नांदुऱ्यात माझं पंप आणि पाइपांचं दुकान आहे. या पावसाळ्यात गावातले काही जण ईशान्य भारताच्या डोंगरात फिरायला निघाले आहेत. त्यांनी मोबाइलवर धबधब्यांचे फोटो दाखवले आणि विचारलं, "साहेब, तुम्ही तर तिथं नोकरी केली. कसं आहे?" मी म्हणालो, चांगलं आहे. समोर गिऱ्हाईक उभं होतं, तेवढंच सांगता आलं. बाकीचं इथं लिहितो.

पोस्टिंग आलं तेव्हा मी फौजेत हवालदार होतो. सेक्शन, म्हणजे दहा जणांची तुकडी, माझ्याकडे होता. कंपनीचा तळ डोंगराच्या एका सोंडेवर आणि त्याच्या वर, पायी सहा तासांवर, आमची छोटी पोस्ट. तिथं बारा जवान. पावसाळ्यात गाडीरस्ता बंद व्हायचा, मग वरचं रेशन पोर्टर पाठीवर न्यायचे. ०४३० ला उठणं, ०५०० ला स्टँड-टू, म्हणजे शस्त्र घेऊन सज्ज राहणं, ०७०० ला नाश्ता, मग शस्त्रांना तेल. सकाळी तेल लावलेल्या रायफलवर दुपारी गंज दिसायचा. बुटांत जळवा. बांबू आणि रानकेळीचं रान इतकं दाट, की दहा पावलांपुढचा माणूस दिसत नसे. बांबू हलला की वारा आहे का बंडखोर, हे आधी ठरवायचं. खालच्या गावातली कुत्री भुंकली तरी शंका यायची, नाही भुंकली तरी यायची. अशा जागी तीन महिने काढले की नजरच तशी होते.

पोर्टरांशी बोलणी करायचं काम माझ्याकडे होतं. त्याला कारण होतं. सोनाळ्यात लहानपणी मी बाजारात भाजी विकली. बाप नव्हता. पाठीवरचं ओझं खाली ठेवून माणूस बसला की त्याला भाव वाढवून पाहिजे, हे मी दहाव्या वर्षी शिकलो. डोंगरातही तेच चालवलं. मी वीस किलो म्हणायचो, त्यांच्यातला म्हातारा पंधरा म्हणायचा. अठरावर तुटायचं, वर मीठ आणि रॉकेल. पोर्टरांना आम्ही नंबरचे पत्र्याचे बिल्ले दिले होते. म्हाताऱ्याच्या गळ्यात चार नंबर होता.

आमचा रेडिओ ऑपरेटर लान्स नायक भास्कर लोणार तालुक्यातल्या बीबीचा. एका जिल्ह्याचे म्हणून आमचं जमायचं, आणि तो घाटावरचा, मी घाटाखालचा म्हणून रोज भांडणही व्हायचं.

"घाटाखालच्यायला डोंगरातलं काय कळतं, उस्ताद?"

"अबे, सातपुडा माह्या घराच्या मांगं हाय. तुह्या बीबीत काय हाय? ज्वारीचं वावर."

"वावर सपाट असतंय. मानूस घसरत नाही."

ऑगस्टमधल्या एका सकाळी ०५४० ला वरच्या पोस्टचा मेसेज आला. एका जवानाला मलेरिया, तीन दिवसांचा ताप, आता शुद्ध नाही. इंजेक्शनं संपली. ढग खाली उतरलेले, हेलिकॉप्टर येणार नव्हतं. तळावरच्या डॉक्टरसाहेबांनी मला एकच वाक्य सांगितलं. "हवालदार, शाम तक पहुँचना चाहिए."

०६१० ला इंजेक्शनं घेऊन निघालो. मी धरून आठ जवान, चार पोर्टर. पाऊस सतत चालू होता. चिखलामुळे उशीर झाला आणि १०४० ला नाल्यावर पोचलो. हा नाला आम्ही दर वेळी दोर बांधून ओलांडायचो, कमरेपर्यंत पाणी असायचं. त्या दिवशी पाणी गुडघ्याला होतं. मला बरं वाटलं.

पोर्टरांनी ओझी खाली ठेवली. म्हातारा दगडावर बसला.

"क्या हुआ?"

"नहीं जाएगा."

"कितना चाहिए? एक बोतल रॉकेल जादा?"

"नहीं जाएगा. पानी कम." त्यानं नाल्याकडे बोट दाखवलं, मग वर डोंगराकडे.

माझं डोकं तापलं. वर माणूस मरतो आहे हे याला माहीत आहे, म्हणून हा अडवून धरतो आहे, असं मला वाटलं. दुसरी शंका त्याहून वाईट होती. पलीकडच्या बांबूत कोणी दबा धरून बसलं असेल, आणि याला ते माहीत असेल.

मी रेडिओ सेटचा माइक हातात घेऊन तळाला, म्हणजे टायगरला, बोलावलं. "टायगर, टायगर, अल्फा. पोर्टर आगे जाने से मना कर रहे हैं. पोर्टर पर शक है. ओव्हर."

"अल्फा, टायगर. रूट क्लिअर की रिपोर्ट है. मौके पर आप हो, आप देखो. ओव्हर."

"रोजर. आऊट."

भास्कर म्हणाला, "उस्ताद, म्हातारा भ्यालाय."

"भेला नाही. भाव करून राह्यला."

"पण पाऊस एवढा चालू, अन् पानी कमी कसं?"

"पाणी उतरलं की पार व्हायचं. नाल्यावर कधी थांबला नाही काय बे? चाल. सेट पह्यले पलीकडं पाहिजे."

"घाटावरच्यालाच पुढं घाला," तो हसत म्हणाला आणि सेटचे पट्टे आवळले.

म्हाताऱ्यानं उठून त्याचा दंड धरला. मी म्हाताऱ्याचा हात झटकला. १०५२ ला भास्कर पाण्यात उतरला.

तो मधोमध होता तेव्हा आवाज आला. डंपरनं गिट्टी ओतावी तसा, पण न थांबणारा. भास्करच्या मागे पाण्यात पाय टाकलेल्या जवानाला म्हाताऱ्यानं बेल्टला धरून मागे ओढलं आणि आम्हा सगळ्यांना वर ढकललं. नाल्याच्या वळणावरून चिखल, दगड आणि आख्खी झाडं एकदम आली. दहा-बारा सेकंदांत समोरची जागा ओळखू येईना. भास्कर नव्हता.

वर दरड कोसळून नाला अडला होता, म्हणून खाली पाणी कमी. मागे साचलेलं पाणी बांध फोडून आलं. भर पावसात नाला आटला की वर पळायचं, हे तिथल्या शेरडं राखणाऱ्यालाही ठाऊक असतं. आमच्याकडे नाल्याला पूर आला की काठावर बसून बिड्या ओढतात आणि पाणी उतरलं की बैल सोडतात. मी तेच केलं.

म्हाताऱ्यानं ओझं उचललं आणि डोंगराच्या धारेवरच्या लांबच्या वाटेनं आम्हाला नेलं. १७४५ ला पोस्टवर पोचलो. तो जवान वाचला. भास्कर तिसऱ्या दिवशी चार किलोमीटर खाली सापडला. सेटचे पट्टे खांद्यावर तसेच होते.

चौकशी झाली. वायरलेसच्या लॉगमध्ये माझे शब्द वेळेसकट होते: १०४४, पोर्टर पर शक है. अहवालात आलं, पोर्टरच्या संशयास्पद वर्तनामुळे विलंब. चौघांचे बिल्ले काढून घेतले, त्या गावाचं काम बंद झालं. मी दुसरा जबाब लिहून दिला, की म्हाताऱ्यानं अडवलं होतं आणि मी ऐकलं नाही. उत्तर मिळालं, "सेट पर आपने जो बोला, वही लिखा है." जबाब फायलीला लागला नाही. मी ऑफिसात टेबलावर हात आपटून भांडलो. दहा दिवसांत माझी बदली झाली. रूट क्लिअर कोणी न बघता सांगितलं, हे कोणी विचारलंच नाही. तो राग अजून आहे. पण त्या कागदातला पहिला शब्द माझाच आहे, हेही मला माहीत आहे.

दर ऑगस्टला मी घाट चढून बीबीला जातो. भास्करच्या आईला मी इतकी वर्षं पूर आला एवढंच सांगितलं होतं. गेल्या वर्षी सगळं सांगितलं. ती मुगाच्या शेंगा सोलत होती.

"म्हंजी त्या मानसानं माझ्या पोराला धरलं होतं?"

"हो, माय."

"अन् तुमी हात काढला."

"हो."

बऱ्याच शेंगा झाल्यावर तिनं विचारलं, "नाव काय त्याचं?"

"चार नंबर होता."

"नाव इचारलं म्या."

"माहीत नाही, माय."

"तीन महिने भाव केला त्याच्यासंगं, अन् नाव नाही इचारलं?"

तिनं चहा केला. मी पिऊन निघालो.

नांदुऱ्याच्या मंडळींनी त्या डोंगरात जरूर जावं. वाट दाखवणाऱ्या माणसाला आधी त्याचं नाव विचारावं. तो ओझं ठेवून बसला तर आपणही बसावं.

लान्स नायक भास्कर, मुक्काम बीबी, वय सव्वीस. १०५२ ला पाण्यात उतरला. हुकूम माझा होता.