सड्यावरचं सारवण

गणू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी परसात बसून दाढी करत होतो. डावा गाल झाला होता, उजव्यावर साबण होता. आमच्या क्लबातला महादेव इस्पितळातून धावत आला आणि कुंपणाच्या बेड्याबाहेरूनच "मास्तर, चला" एवढंच म्हणाला. मी वस्तरा वाटीत टाकला, पंच्याने तोंड पुसलं आणि निघालो. पुढे सगळी दुपार, इस्पितळात, मावशीच्या दारात, मग स्मशानात, मी अर्ध्या दाढीने वावरलो आणि एवढ्या माणसांत एकानेही मला ते सांगितलं नाही. परत येऊन आंघोळीला बसलो तेव्हा गालावरून हात फिरला आणि कळलं. माझा असा अवतार पाहून चार दिवस गावभर सांगत हिंडणारा माणूस एकच होता, आणि त्यालाच आम्ही पोचवून आलो होतो...

गणू माझा मावसभाऊ. माझ्या आईची सगळ्यात धाकटी बहीण ती ही मावशी. माझ्याहून दहा-बारा वर्षांनीच मोठी. मी अंकगणिताचा मास्तर झालो, केस पिकले, पोट सुटलं, तरी तिच्या लेखी मी बाळ्याच. ती तरुणपणीच एकटी राहिली आणि गणूला तिने एकटीने वाढवलं. तो बंदरावर माल उतरवण्याच्या कामावर होता. हे सगळं आधी सांगतो, कारण पुढची हकीकत फुटबॉलची आहे असं वाटेल, आणि ती तेवढीच नाही.

आमचा क्लब सन वीसच्या पुढेमागे निघाला. आम्ही काही शिक्षक, कचेरीतले कारकून आणि बंदरावरचे तरुण. मैदान म्हणजे सडा. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो, सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरची जांभ्या दगडाची सपाटी. पावसात तिथे गवत येतं, दिवाळीनंतर ते वाळून जातं आणि खाली तांबडा, भोकाभोकांचा, खवणीसारखा दगड उरतो. त्यावर धावता येतं, चेंडूही बरा उसळतो. पडता मात्र येत नाही. आता बाकीच्या गड्यांना मुद्दाम पडण्याची गरज नसते, गोलकीपरला असते. त्यामुळे आमच्याकडे इतर जागांसाठी भांडणं होत आणि गोलात उभं राहायचं म्हटलं की सगळ्यांना घरची कामं आठवत.

पहिला गोलकीपर मीच. माझ्या देहाने गोलाची बरीचशी जागा आपोआप अडेल, असा माझा अंकगणिती अंदाज होता. प्रत्यक्षात चेंडू आला की मी अदबीने बाजूला होई. "मास्तर सज्जन माणूस, येणाऱ्याला वाट देतात," असं गणूच सांगत सुटला होता. मग आम्ही तालमीतला एक पैलवान धरून आणला. तो चेंडू सोडून समोरच्या गड्यालाच मिठी मारायचा. आगबोटीवरचा एक खलाशी फार चांगला अडवायचा, पण त्याची बोट आणि आमचा सामना एकाच दिवशी बंदरात कधी लागायचे नाहीत. कोर्टातले एक बेलिफ एकदाच पडले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या कुटुंबाने निरोप धाडला की धोतर फाटलं तर शिवता येतं, गुडघा शिवता येत नाही. दर शिमग्याला मुंबईहून चाकरमानी येत. तिकडे गिरण्यांच्या संघांत खेळून तयार झालेले. ते आमच्यावर हवे तितके गोल करत आणि वर पालखीपुढे आमच्या नावाच्या फाका घालत, ओरडून टवाळी करत. चांगला गोलकीपर मिळवायचा, हा आमचा ध्यासच होऊन बसला. मी तर त्यापायी पार चिपळुणापर्यंत जाऊन आलो.

आणि मग एकदा घराची कौलं पाहायला मांडवीच्या बंदरावर गेलो. मंगळुरी कौलं घेऊन एक पडाव धक्क्याला लागला होता. कौलं उतरवताना माणसं रांग धरून उभी राहतात आणि एकमेकांकडे फेकतात. रांगेच्या शेवटी गणू होता. कौल हवेतून यायचं आणि त्याचे हात त्याच्या वेगाबरोबर किंचित मागे जायचे, जणू कोणी झोपलेलं मूल त्याच्याकडे देत होतं. आवाज म्हणून नाही. ज्याला मी खांद्यावर बसवून जत्रेत हिंडवलं, ज्याच्या घरी मी आठवड्यातून एकदा तरी जेवत होतो, तो माणूस माझ्यासमोर होता आणि मी चिपळुणाला जाऊन आलो होतो.

"गोलात उभा राहशील काय रे?" मी विचारलं.

"चेंडू हातातून पडला तर फुटतो काय, दादा?"

"नाही."

"मग सोपं हाय," असं म्हणून त्याने पुढचं कौल घेतलं.

पहिल्याच सामन्यात त्याने काही अडवायचं शिल्लक ठेवलं नाही. संध्याकाळी मी त्याला घरी सोडायला गेलो. मावशी पडवीत भात पाखडत होती. तिने त्याचा हात धरून उजेडाकडे वळवला आणि कोपर पाहिलं. "बाळ्या," ती म्हणाली, "तुमच्या खेळाला माणूस लागतो, का खवायला नारळ?" गणू हसला. मी मान खाली घालून चहाची वाट पाहत राहिलो. चहा आला नाही.

पुढच्या रविवारी आम्ही सड्यावर पोचलो तर मावशी आणि वाडीतल्या बाया आमच्या आधी हजर. गोलाच्या दोन खांबांमध्ये आणि पुढे बऱ्याच अंतरापर्यंत त्यांनी तांबडी माती पसरली होती. भात झोडायचं खळं करतात तशी ती चोपण्यांनी चोपून घट्ट केली, आणि मग मावशी शेणाचा काला घेऊन बसली. ती सारवते तेव्हा तिचा हात अर्धवर्तुळात फिरतो आणि बोटांच्या रेघा उमटत जातात, एका रेषेला लागून दुसरी. सगळं झाल्यावर ती उठली आणि म्हणाली, "आता पड हवा तेवढा." तेव्हापासून ती रीतच झाली. दर पावसात खळं वाहून जाई, आणि दसरा झाला की मावशी ते नव्याने घाली, मग खेळाचे दिवस असेपर्यंत महिन्यातून एकदोनदा सारवून जाई. सड्यावर फुटबॉल कितीतरी गावांत खेळत असतील, पण सारवलेला गोल फक्त आमचा. त्याचा एक फायदा आम्हालाही ठाऊक नव्हता. त्या शिमग्याला चाकरमान्यांचा एक तरणाबांड गडी चेंडू घेऊन सगळ्यांना चुकवत गोलापाशी आला, आणि समोर ओलसर सारवण पाहून जागीच थबकला. जन्मभर आईने बजावलेलं, ओल्या सारवणावर पाय द्यायचा नाही. गणूने पुढे होऊन त्याच्या पायातला चेंडू उचलला आणि म्हणाला, "सुकल्यावर ये हां." त्या वर्षी आम्ही जिंकलो. पुढेही बरेचदा जिंकलो, आणि बंदरावर लोक गणूला ओळख नसताना विडी देऊ लागले.

यंदाही दसऱ्यानंतर खळं झालं. दिवाळीच्या थोडं आधी सरावात गणू डाव्या खांबाकडे झेपावला. खांबाच्या बुडाशी जांभ्याचं एक टोक सारवणातून वर आलं होतं. ते गुडघ्याखाली लागलं. जखम एवढीशी, आम्ही कोणी नीट पाहिलीही नाही. मावशीने हळद दाबली. तो दुसऱ्या दिवशी कामावर गेला.

दिवाळीच्या फराळाला मी त्याच्याकडे होतो. गणूने चकली तोंडाशी नेली आणि तशीच खाली ठेवली. "जबडा अवघडलाय," तो म्हणाला. मावशीला राग आला. "माझी चकली कडक झाली असं सरळ सांग की," ती म्हणाली. तो हसायला गेला, आणि ते हसू त्याच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं, उतरेना... ते पाहिल्यावर आम्ही त्याला इस्पितळात नेलं.

धनुर्वाताची खोली अंधारी ठेवतात. आवाज नको, उजेड नको, हात लावायचा नाही. नुसत्या स्पर्शानेही शरीर कमानीसारखं ताणलं जातं. मावशीला बाहेरच्या पडवीत बसवलं होतं. मी वडीलधारा म्हणून डॉक्टरांनी मला आत घेतलं आणि गणूच्या खाटेपासून दूर उभे राहून हलक्या आवाजात समजावलं: हे विष शेणात, लिदीत, खताच्या मातीत असतं, बारीकशा जखमेतूनही शिरतं; लस आहे, तीही दिली आहे, पण आता फार उशीर झाला आहे. तो कुठे पडला होता, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते गेल्यावर पाहतो तर गणूचे डोळे माझ्याकडे लागलेले. त्याने सगळं ऐकलं होतं. दात घट्ट मिटलेले, त्यामुळे शब्द फटीतून यावेत तसे आले. "आयशीला... सांगू नको." मी मान हलवली. नंतर दार किंचित उघडलं की मावशी आत डोकावे आणि तो मान वळवण्याचा प्रयत्न करत भिंतीकडे पाही.

सुतक फिटल्यावर काही दिवसांनी महादेव घाबरून माझ्याकडे आला. मावशी शेणाची पाटी घेऊन सड्यावर चालली होती. मी माझ्या वजनाला झेपेल तेवढा धावलो. ती खळ्याच्या कडेला बसून काला करायच्या बेतात होती.

"मावशी, हे कशाला गो?"

"सारवण उखडलंय. गणूच्या जागी जो उभा राहील त्याला लागता नये."

"आता कोण उभा राहत नाय. आता मीच गोलात."

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मग जरा जाड सारवायला हवं," ती म्हणाली, आणि गणू गेल्यानंतर प्रथमच तिच्या तोंडाच्या कडा किंचित हलल्या. तेवढं पाहिलं आणि पुढचं बोलणं अधिकच अवघड झालं. मी इकडचं तिकडचं सांगून पाहिलं. क्लब बंद करतोय, मैदान बदलतोय. ती पाटीत हात घालणार होती. वाडीतला कोणी ना कोणी उद्या या गोलात उभा राहणार होता. आमच्यासारख्यांना कोणीतरी सापडतोच. गणूला मी मान हलवून शब्द दिला होता. आणि तरीही मी तिचा हात धरला आणि तिला सगळं सांगितलं.

तिने माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला. मग म्हणाली, "माझ्या सारवल्या जमिनीवरच रांगला तो. तेव्हा नाय काय झालं?"

तिने पाटी बाजूला सरकवली.

"त्याला ठावं होतं?"

"होय. तोच म्हणाला, तुला सांगू नको."

"आणि मी त्या पडवीत बसून म्हणत होते, काय केलं मी, म्हणून पोर माझ्याकडे बघत पण नाय..." ती तिथेच, खळ्याकडे पाठ करून बसली आणि तिने पदर तोंडात धरला. मी उभा होतो. अशा वेळी माझं रुंद शरीरही कशाच्या आड येत नाही.

नंतर तिने पाटी उचलली, कडेच्या काजूच्या मुळात शेण ओतलं, आणि खालच्या विहिरीवर जाऊन हात धुतले, पुन्हा पुन्हा धुतले. परत येताना म्हणाली, "तू पेपरात लिहितोस ना काय काय? हे लिही. माझ्या नावासकट लिही हवं तर." नाव मी लिहिलेलं नाही. बाकी लिहिलं.

खळं खणून टाकायचं आम्ही ठरवलं होतं, पण मावशी नको म्हणाली. त्या सारवणात तिच्या बोटांच्या अर्धवर्तुळाच्या रेघा अजून आहेत, आणि त्यांना मधोमध कापत डाव्या खांबापर्यंत गेलेला एक लांब फराटा आहे, गणूच्या शेवटच्या झेपेचा. "पावसात जाईल. तोवर राहू दे," ती म्हणाली. आम्ही सध्या दुसऱ्या टोकालाच चेंडू मारतो. गोलकीपरचा विषय कोणी काढत नाही. मावशीच्या अंगणात सारवण नाही; सकाळी ती नुसतं पाणी शिंपडते आणि दुपारी तिथे धूळ उडते.

परवा सड्यावर गेलो तर खळ्याभोवती करवंदीच्या काट्यांचं कुंपण केलेलं. गुरं आत जाऊ नयेत म्हणून. कोणी केलं ते विचारलं नाही. उतरताना मावशीकडे डोकावलो. ती पायरीवर बसून बोटांवरचे ओरखडे पाहत होती, बाजूला हळदीची वाटी. मी वाटी उचलून आत ठेवली आणि म्हटलं, "मावशी, इस्पितळात जाऊ या."

एरवी तिने मला मेल्या म्हणून हाकललं असतं. ती उठली, दाराला कडी घातली आणि माझ्या मागून चालू लागली.