ज्याचं दुखणं, त्याची चिमूट

प्रिय मुलांनो,

रंगूनहून आलेल्या तुमच्या पत्रात धाकट्याने लिहिलं आहे की, "आमची आजी लोकांना औषधं देत असे" असं त्याने वर्गात अभिमानाने सांगितलं. ते वाचून मी पत्र मिटून ठेवलं. जिच्याकडून मी ती विद्या उचलली, ती येसूमावशी गेल्या महिन्यात वारली. ती होती तोवर मी गप्प राहिले. निदान तुम्हाला तरी खरं कळावं.

तुमचे आजोबा तेव्हा खालापूरच्या कचेरीत कारकून होते. येसूमावशी जवळच्या वाडीतली, शेतकरी घरातली विधवा. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते शेजारच्या गाडीवानाच्या ओटीवर. त्याला कावीळ झाली होती आणि ती सकाळपासून नुसती त्याच्याकडे बघत बसली होती. औषधाचं नाव नाही. दुपारी तो दोन घास खाऊ लागला तशी म्हणाली, "उभ्यानं काय कोंबतोस रं? पाठी वाघ लागलाय?" गाडीवानाचं भावाशी वाजलं होतं. एकाच घरात दोघे एकमेकांना चुकवून जेवत. "आधी दोगं एका पंगतीला बसा, मंग माजी मुळी. नायतर मुळीबी तुज्यासारकी उभ्या उभ्या निगून जाईल." सगळे हसले. भाऊ खाली मान घालून हसला आणि पाट मांडायला उठला.

ती हे कुठे शिकली? डोंगरातल्या एका ठाकर म्हातारीची मुळ्यांची पाटी तिने सात वर्षं वाहिली होती. "सात वर्सं बगायलाच शिकले, बाई. कोन कसा चालतो, कोन कुनाकडं बगत नाय. मुळ्या काय, त्या एका पावसाळ्यात कळल्या." मग दिरांच्या शेतावर राबणं सोडून ती स्वतःच्या पडवीत औषध द्यायला बसली. दीर म्हणाले, "वैनी वैदीण झाली, आता पालकी आना!" तिने उत्तर दिलं, "पालकी ऱ्हाऊ दे. लावणीला दुसरं मानूस बगा." बरे झालेले लोक सुगीला भात आणून देत, त्यावर तिचं वर्ष निघे. आपण कुणाच्या चुलीवर जगत नाही, हे ती मान वर करून सांगे.

मी मिशनच्या बाईंकडे इंग्रजी शिकलेली. माझ्या इंग्रजी पुस्तकात प्रत्येक औषधाला वजन होतं. येसूमावशी मात्र कुटलेली मुळी पुढे धरी आणि रोग्यालाच चिमूट उचलायला लावी. "ज्याचं दुखणं, त्याची चिमूट," हे तिचं ठरलेलं बोलणं.

"मावशी, प्रत्येकाची चिमूट वेगळी. याला काय रीत म्हणायची?" मी एकदा म्हटलं.

"तागडी मानसाला वळखते का गं बाई?"

मला वाटलं, अडाणी बाई आहे. मी गाडीवानाची चिमूट सोनाराच्या तागडीत घातली आणि वहीत नीट लिहिलं : कावीळ, मुळीचं चूर्ण, नऊ गुंजा. भाऊ, पंगत, उभ्याने खाणं, सगळं निरुपयोगी म्हणून गाळलं. मुळीचं नाव इथे मी मुद्दाम लिहीत नाही.

त्या श्रावणात मावशी चौक गावी, माहेरी गेली असताना कचेरीतल्या शिपायाच्या बायकोला, पार्वतीला, कावीळ झाली. चिमणीएवढा जीव, हाताला बांगडी ठरत नव्हती. मावशीची मुळी माझ्या घरी थोडी होती. मी नऊ गुंजा तोलून दिल्या आणि शिपायाला सांगितलं, "येसूमावशीचंच औषध आहे." दुसऱ्या दिवशी पुन्हा नऊ. पार्वतीचे जुलाब थांबेनात, डोळे खोल गेले, हाक मारली तर ओ देईना.

मावशीला निरोप गेला. ती पावसात चालत आली आणि तीन दिवस पार्वतीच्या उशाशी बसून घोटघोट पेज पाजत राहिली. पार्वती वाचली. मग शिपाई अंगणात, दहा माणसांदेखत ओरडला, "मावशे, तुज्या मुळीनं माजी बायको गेली असती! मानूस मारायचा धंदा मांडलायस का गं?"

मी दारातच उभी होते. मावशीने माझ्याकडे पाहिलं. ती थांबली होती. मी बोलले नाही. सुशिक्षित बाईने चूक केली असं कचेरीत झालं असतं, तुमच्या आजोबांना मान खाली घालावी लागली असती, असं काहीतरी माझ्या मनात चाललं होतं.

"व्हय रं," ती शेवटी म्हणाली, "मुळी माजीच हाय."

वाटेत तिने विचारलं, "किती दिलंत?" मी सांगितलं. "ती गाडीवानाची चिमूट, बाई. आजारी मानसाच्या बोटात जेवडा जीव, तेवडंच त्येला सोसतं. म्हनून त्येच्या हातानं उचलायचं." थोडं चालल्यावर म्हणाली, "तुमी बोलाल असं वाटलं व्हतं."

उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत मी आठवडे घालवले. तिच्या पडवीकडे कुणी फिरकेना. त्या सुगीला भात आलं नाही. पुढच्या लावणीला ती दिरांच्या शेतात वाकलेली मी रस्त्यावरून पाहिली. दीर बांधावरून म्हणत होता, "पालकी कुटं ऱ्हायली, वैनी?" ती वाकूनच पुढचं रोप लावत राहिली. मी छत्री पुढे धरून निघून गेले. वर्षभरात आमची बदली ठाण्याला झाली.

म्हातारपणी दहिवलीला राहायला आल्यावर मी तिला भेटायला गेले. माफी मागायची होती. तिने माझा चेहरा बराच वेळ पाहिला. "झोप लागत नाय ना?" "नाही लागत," मी म्हटलं. "त्येला मुळी नाय. ज्यांच्यासमोर गप बसलात, त्यांच्यासमोर बोला." मी हो म्हणून परतले, आणि बोलले नाही. पाच वर्षं.

ती गेल्याचं कळल्यावर मी गाडी जोडून खालापूरला पार्वतीकडे गेले. शिपाई कधीच वारला होता. पार्वती आता नातवंडांची आजी आहे. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तिनं मला पेज पाजली, आनि मी तिच्या दारावरनं तोंड फिरवून जायची. मला सांगायचं व्हतं ना, बाई. ती जिती व्हती तवा."

घरी येऊन वही मी चुलीत घातली. मला वैद्यकी येत नाही, येत नव्हती. हे धाकट्याने वर्गात सांगावं.

चौकला मावशीची भाची आहे. ती मावशीजवळ शिकली. आठवड्याला चार-पाच माणसं तिच्याकडे येतात, आणि ती प्रत्येकाजवळ अर्धा दिवस बसते.