आईने उकळून दिलेला नमुना

"तुम्हाला ब्रुसेलोसिस आहे," डॉक्टर म्हणाले. "जनावरांकडून माणसाला लागणारा जंतूंचा ताप. कच्चं दूध पिता का?"

पीत होतो. कावीळ होऊन गेल्यावर अंगात ताकद यावी म्हणून आई मला रोज सकाळी बोरीवलीतल्या आमच्या चाळीमागच्या तबेल्यात नेई. गाईचे धारोष्ण दूध, आचळातून थेट पेल्यात. माझी दोन वर्षांची मुलगी नंदाही दोन घोट घेई. घराण्यात बी.एस्सी. झालेला मी पहिला, तरी गावाकडे ज्याला औषध म्हणतात त्यावर मला कधी शंका आली नाही.

तीन महिने संध्याकाळी ताप चढत होता, सांधे ठणकत होते. मलेरिया नाही, टायफॉइड नाही असे करत ॲग्लुटिनेशन टेस्ट झाली. रक्त त्या जंतूंना ओळखते का, हे त्यात पाहतात. माझ्या रक्ताने ओळखले.

नंदाला तबेल्यात नेणे बंद केले. माझा कॉलेजमित्र फिलिप, मरोळ गावठाणातला, एका डेअरीच्या लॅबमध्ये होता. मी हॉस्पिटलच्या वॉर्डात पडून, म्हणून गाईच्या दुधाची बाटली आईने त्याच्या हाती दिली. मिल्क रिंग टेस्टमध्ये दुधात निळ्या रंगवलेल्या मृत जंतूंचा थेंब टाकतात. गाईला संसर्ग असला तर वर सायीला निळी कडी धरते.

"कडी नाही. गाय क्लीन आहे रे," फिलिप म्हणाला.

मग माझा संशय मोकाट सुटला. तबेलेवाल्याने दुसऱ्याच गाईचे दूध दिले असणार. डॉक्टरांनी रक्ताच्या बाटल्या बदलल्या असणार. शेवटी फिलिपलाच विचारले, "तू बाटली उघडलीस तरी का?"

"तापाने डोकं गेलंय तुझं, साल्या," म्हणून तो निघून गेला. आठवडाभर आला नाही.

रविवारी आई म्हणाली, "नंदाक परत नेतंय हां तबेल्यात. रिपोर्ट बरो इलो ना?"

मी खाटेवर उठून बसलो. "आई, ती बाटली कशी भरलीस?"

"कशी म्हणजे? उकळून, थंड करून. वाटेत नासला असता तर? नासका दूध कोणाच्या हातात देवचा नाय."

उकळलेल्या दुधावर ही टेस्ट चालत नाही; जंतूंना ओळखणारे दुधातले घटक उष्णतेने मोडतात. कच्चेच हवे, हे फिलिपने मला बजावले होते. आईला सांगायचे मीच विसरलो होतो आणि संशय जगावर घेत होतो.

दुसऱ्या दिवशी आईने कच्च्या दुधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळली आणि बस बदलत स्वतः मरोळला गेली. संध्याकाळी दोघे वॉर्डात आले.

"निळी कडी," फिलिप म्हणाला. "घे आता डाऊट!"

आई खाटेचा दांडा धरून उभी होती. "नंदाचा काय?" एवढेच तिने विचारले.

नंदाचे रक्त तपासायला दिले. रिपोर्ट यायला चार दिवस लागले. आई त्या दिवसांत नीट जेवली नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला. तबेलेवाल्याने स्वतः गुरांचा डॉक्टर बोलावून गाय वेगळी बांधली. मला सहा आठवडे टेट्रासायक्लिनच्या गोळ्या आणि सुरुवातीला स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने घ्यावी लागली. ताप गेला.

दूध नेहमी उकळूनच प्या. असा ताप कोणाला आला, तर तपासणीचा नमुना मात्र कच्चा द्या, आणि तो भरणाऱ्या माणसाला कारण सांगा. मी सांगितले असते तर आईने ऐकले असते.

फिलिपची मी माफी मागितली. तो अजून घरी येतो. आई त्याच्यासमोर कप ठेवते आणि खाली मान घालून म्हणते, "पी बाबा. ही चाय मात्र उकळललीच हा."